गुरुवारचा आवाज

"बंद करा," रोझविता म्हणाली. "आता परत चालू करा."

फोल्कमार ड्यूरिंगने चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं आणि त्या गुरगुरण्याच्या खाली ती टकटक पुन्हा सुरू झाली. बारीक, कोरडी. रोझविता क्लापरोथने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले.

"आला ना ऐकू?"

"श्श."

त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून हलेना. मेकॅनिक लोकांवरचा त्याचा विश्वास उडाला होता. गाडी घेऊन तीनच आठवडे झाले होते. शोरूमवाल्यांनी तीनदा तपासून तीनदा परत पाठवलं. 'वेगाच्या गाड्या अशाच बोलतात, ड्यूरिंगसाहेब.' चाळीस वर्षं चर्चमधले ऑर्गन सुरात लावलेल्या माणसाला हे आवाजातलं शहाणपण शिकवत होते! विकायच्या आधी गाडी कोणीतरी बेफाम पिटाळली, याबद्दल त्याला शंका नव्हती. कोणी, तेही त्याने ठरवून टाकलं होतं. गाडी ताब्यात देणारा तो तोर्बेन. चावी देताना त्याने एकदाही नजरेला नजर दिली नव्हती. फोल्कमारने कंपनीला चार पानी पत्र लिहिलं आणि सोमवारपासून चौकशी होईपर्यंत तोर्बेन घरी बसला होता.

गॅरेजच्या दाराजवळच्या बाकावर त्याची बायको एडेलट्राऊट बसली होती, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून, पर्स मांडीवर घेऊन. "मला तर काहीच ऐकू येत नाही," असं ती दहा दिवस म्हणत होती. आज ती काहीच म्हणत नव्हती.

"आवाज वरून येतोय," रोझविता म्हणाली. "व्हॉल्व्हकडून. एखादा किंचित वाकलाय."

"नव्या गाडीत?"

"आपोआप नाही वाकत. इंजिन त्याच्या मर्यादेच्या फार वर गेलं की वाकतो. वेगात असताना चुकून भलताच खालचा गिअर पडला, तर."

"बघा! मी म्हणत होतो."

तिने गाडीला वायर जोडली, संगणक बॉनेटच्या कडेवर ठेवला आणि चष्मा लावला. "इंजिन मर्यादेबाहेर गेलं की गाडी ते लिहून ठेवते. तारीख नसते, इंजिन एकूण किती तास चाललं होतं तेवढं असतं." तिने बोटाने ओळ दाखवली. "नऊ तास चाळीस मिनिटं. गाडी हातात आली तेव्हा किती तास झाले होते?"

"अर्धा."

"मग शोरूममध्ये नाही झालं हे."

फोल्कमारने तिच्याकडे रोखून पाहिलं. शोरूमवाल्यांनी हिलाही फोन केला असेल का? "आकडे बदलता येतात," तो म्हणाला.

"येत असतील. मला येत नाहीत." रोझविताने हात पुसले. "तुमच्याशिवाय कोण चालवतं?"

"कोणी नाही."

त्याने खिशातून वही काढली. प्रत्येक फेरीची वेळ त्याने लिहून ठेवली होती. बुधवारी संध्याकाळी घरी आला तेव्हा, सुरुवातीचा अर्धा तास धरून, बेरीज नऊ तास वीस मिनिटं. पुढची नोंद शुक्रवार सकाळ. समोर लाल शाईत लिहिलं होतं : 'आवाज. प्रथमच.'

मधला गुरुवार कोरा होता. गुरुवारी तो डोळे तपासायला ट्रेनने कोब्लेंझला गेला होता. डोळ्यात थेंब घालणार, गाडी चालवता येणार नाही, म्हणून चावी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर ठेवून गेला होता.

त्याने ती दोन पानं पुन्हा पुन्हा उलटली. मग वहीतून मान वर न करताच म्हणाला, "एडेलट्राऊट."

"हो," ती म्हणाली. "मीच."

रोझविताने इंजिन बंद केलं.

"पाचव्यावरून चौथा टाकायला गेले, दुसरा पडला. किंचाळली बिचारी. मग सावकाश घरी आणून लावली. तुला कळणार नाही असं वाटलं."

"मला कळणार नाही?"

"ते चुकलंच माझं."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. आणली त्याच दिवशी. तू म्हणालास, ही तुझ्या हाताची गाडी नाही."

हे आपण बोललो होतो हे फोल्कमारला आठवलं. कोणत्या सुरात बोललो होतो, तेसुद्धा.

"आणि तो पोरगा? त्याला घरी बसवलं त्यांनी. तू बघत राहिलीस?"

"तुझं पत्र पेटीत मीच टाकलं." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "टाकताना हात आत तसाच ठेवून उभी होते थोडा वेळ. मग सोडलं."

रोझविता पाना शोधायच्या निमित्ताने मागच्या खोलीत गेली.

फोल्कमारने फोन काढला. नंबर लावायला त्याला तीन प्रयत्न लागले. शोरूमच्या बाईला त्याने सगळं सांगितलं, अडखळत, त्या नऊ तास चाळीस मिनिटांसकट. तिने तोर्बेनच्या घरचा फोन जोडून दिला. पलीकडून "हॅलो?" आलं आणि इतके दिवस मनात घोळवलेल्या शब्दांपैकी एकही त्याच्या तोंडून निघेना.

एडेलट्राऊट बाकावरून उठली. त्याच्या हातातून तिने फोन घेतला.

"मी ड्यूरिंगबाई. गाडी मी चालवत होते, तोर्बेन. तुम्ही काही केलं नव्हतंत, आणि ते माहीत असून मी गप्प बसले. उद्या तुमच्या साहेबांसमोर येऊन मी हेच सांगणार आहे." ती ऐकत राहिली. बराच वेळ. मान खाली. "हो. बोला, तुमचा हक्कच आहे."

मग पलीकडून त्याने काहीतरी विचारलं. फोल्कमार पुढे झुकला, पण त्याला ऐकू आलं नाही. एडेलट्राऊटने मान वर केली. उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं.

"ताशी दोनशे तीस," ती म्हणाली. "आणि अजून जात होती."