ओढ्याकाठचे बुडखे

उर्सिना वर पोचली तेव्हा आल्बान करवतीची साखळी पुसत उभा होता. ओढ्याकाठच्या लार्च वृक्षांची आख्खी रांग आडवी झाली होती.

"या बाई," तो म्हणाला. "झाडांना विचारायला आलात ना? विचारा आता."

दगडमातीचा लोंढा कुठवर येतो ते झाडं सांगतात, असं तिनंच गावसभेत सांगितलं होतं. तिथवर तिनं सरकारी नकाशात लाल रंग भरायचा आणि लाल म्हणजे बांधकाम बंद. मागच्या कुरणात आल्बानच्या मुलाच्या घराचे खांब उभे होते, छप्पर कुठवर येणार ते गावाला आधी दिसावं म्हणून रोवलेले. सून रोमाना त्यातल्याच एकाला टेकून उभी होती. तिचे दिवस भरत आले होते.

राजधानीतून, बर्नहून आलेलं सरकारी माणूस दिसलं की आल्बानचं डोकं फिरायचं. आज मात्र तो मनातून खूश होता. साक्षीदारच उरले नाहीत, तर ही बया लिहिणार काय?

उर्सिनानं पिशवीतून गिरमिट काढलं, झाडांकडे पाहिलं आणि परत आत ठेवलं.

"उभ्या झाडातून मला पेन्सिलीएवढी काडी मिळते," ती म्हणाली. "तुम्ही तर सगळं उघडून ठेवलंत."

तिनं जवळच्या बुडख्यावरचा भुसा झाडला, बाटलीतलं पाणी ओतलं. वर्षाला एक अशी वाढीची वर्तुळं उमटली. डोंगराकडच्या बाजूला काळे व्रण होते, लोंढ्यातले दगड आदळून साल फाटली की राहतात तसे. शेवटचा सालीजवळच होता. तिनं सालीपासून तिथवरची वर्तुळं मोजली.

"हा तुमचा मुलगा शाळेत होता तेव्हाचा," उर्सिना म्हणाली. "तुम्ही इथंच होतात."

"डोंगर आहे, दगड येणारच. आमचे आजे तुमच्यासारखे भेकड असते तर हे गावच वसलं नसतं."

रोमाना खांब सोडून पुढे आली. "बाबा, मला तर म्हणालात, इथं कधी काही आलंच नाही."

"लोकांची घरं मोडून पोट भरते ही. तिचं ऐकणार तू?"

"बघू तरी द्या."

आल्बान चटकन बुडख्यावर बसला, करवत मांडीवर घेऊन. "काही बघायचं नाही. घरी जा."

"उठा, बाबा."

तो उठला नाही. रोमानाला त्याचा मनस्वी राग आला. तिनं उर्सिनाच्या हातातली बाटली घेतली आणि पुढच्या बुडख्याकडे गेली. त्याच्यापुढे आणखी एक होता, त्याच्यापुढे आणखी. आल्बाननं रांगच्या रांग कापली होती आणि झाकायला तो एकटाच होता.