पदरचा रंग

नव्या भाड्याच्या खोलीत सामान टेकवताच पेंटर पोपडे निघालेली भिंत रंगवायला सरसावला. बायको रंगाच्या डब्यावर ठाण मांडून बसली. “खबरदार! मागची घरं पदरचा रंग लावून चकचकीत केलीत. घर खुललं की मालक भाडं वाढवतो, आपली वरात रस्त्यावर!” “ऊठ गं, हात शिवशिवतायत.” “शिवशिवू देत. आमच्या पैसे सांभाळायला शिकवणाऱ्या वर्गात बाई कानीकपाळी ओरडतात, दुसऱ्याच्या भिंतीत पैसा घालू नका, स्वतःच्या घरासाठी साठवा.” “बाईंनाच झोपव या पोपड्यांखाली!” तेवढ्यात मालक डोकावला. “काय पेंटर, भिंतीचं बघताय ना?” बायकोनं डोळे वटारले. पेंटर चरफडत म्हणाला, “तीन वर्षं भाडं वाढवणार नाही, लिहून द्या. उद्याच रंगवतो.” “विचार करून सांगतो,” म्हणत मालक सटकला. पेंटर भडकला. “झालं समाधान?” “झालं. आजवर भिंतीचा विचार आपणच करायचो, आता मालकाला करू द्या.”