निराश उंदीर

ओक्सानाने पाण्यात सोडलेले उंदीर फार लवकर हातपाय गाळायचे. पोहणं आधी सोडेल तो जास्त निराश, असा विनिपेगच्या त्या प्रयोगशाळेतला हिशेब. डॅरिल ज्यांना वेळ संपल्यावर शेपटीला धरून पाण्यातून उचलायचा, ते मात्र शेवटपर्यंत धडपडायचे. निराशेवरचं औषध दोघांच्या उंदरांना तेच, पाणीही तेच.

"बाई गं, तुझा हात लागला की औषधाचा गुणच जातो," डॅरिल वैतागला. "उद्यापासून तुझे उंदीर मी घेणार."

"घे. आधी बघ तरी."

तिने पाण्यात सोडलेला उंदीर थांबला, नुसता तरंगत राहिला. नजर मात्र वर, काठाकडे. वेळ संपताच ओक्सानाने त्याला ओंजळीत उचललं, टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं.

"आले ना रे मी? काल आले होते तशीच!"