ठमीची जागा

“फोटो पाठव गं, ग्रुपवर टाकते,” असं म्हणून त्या बाई चहाच्या टेबलाकडं वळल्या आणि अंकितानं आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी परत मुठीत धरली. प्राणिमित्रांच्या मेळाव्यात जेवणानंतरचा तास ओळखी वाढवण्यासाठी ठेवला होता. ओळखी काय, ढिगानं वाढत होत्या. कुणी पुण्याच्या संस्थेचं, कुणी साताऱ्याच्या ग्रुपचं, जो तो एकमेकांचे नंबर घेत होता आणि सेल्फी काढत होता. जागा मात्र कुणाकडंच नव्हती.

अंकिताला जागाच हवी होती, तीही आजच. बाहेर गेटजवळच्या लिंबाखाली तिची ठमी बांधलेली होती. म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी कुत्री. घरमालकानं सकाळीच बजावलं होतं, संध्याकाळी ही दारात दिसली तर मी माझ्या पद्धतीनं बघतो. त्याची पद्धत अंकिताला ठाऊक होती. मागच्या आठवड्यात बोळातली दोन कुत्री तोंडाला फेस येऊन मेली, तेव्हा हा बाबा ओट्यावर उभा राहून निवांत दात घासत होता.

अंकिता वेळापूरकडची. नोकरीसाठी सोलापुरात येऊन वर्षही झालं नव्हतं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की ती मागच्या मागं सरकायची. तरी आज लाजलज्जा गुंडाळून ठेवून ती एकेकापुढं उभी राहिली होती. सगळे हळहळले. एकानं तर डोळेसुद्धा पुसले. डोळे पुसायला काय जातंय हो!

शेवटी उरले रुद्रप्पा. अक्कलकोटच्या पुढं त्यांची शेती. थकलेले बैल बाजारात न काढता ते शेवटपर्यंत सांभाळतात, म्हणून सकाळी त्यांचा सत्कार झाला होता. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्यांनी नुसते हात जोडले होते. तो साधेपणा अंकिताला फार भावला होता. आता ते मांडीवर शाल ठेवून कोपऱ्यात एकटेच बसले होते.

तिनं नंबराची चिठ्ठी त्यांच्या हातात कोंबली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. घरमालक, विष, आंधळी ठमी. बाहेर बांधलीय म्हणताना तिनं दाराकडं हात केला. घाबरली की तिची भाषा सरळ गावाकडं पळायची.

“लई म्हातारी हाय ओ ती. ऱ्हाऊ द्या की तुमच्या बैलांसंगं.”

रुद्रप्पा तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “न्हाई?”

आपली काही चूक झाली का, अंकिताला समजेना. एका कोपऱ्यात पडून राहील, खायलाही फार लागत नाही, असं ती कसंबसं म्हणाली. या वेळी त्यांनी बोट थेट दाराकडं केलं आणि मानही हलवली.

“न्हाई.”

तिची कानशिलं तापली. नाही म्हणा, पण दार काय दाखवता? सकाळी याच माणसासाठी आपण हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या, याचाच तिला राग आला. ती बाहेर पडली, ठमीची दोरी सोडली आणि तिला स्कूटीवर पायाशी बसवलं.

घरी नेणं म्हणजे तिला मरायलाच नेणं. अंकितानं गाडी होटगी रस्त्याला घातली. पुढं एक मटणाची खानावळ होती. मागच्या बाजूला पाण्याचा हौद, थोडी सावली. हाडंबिडं मिळतील, निदान विष तरी कुणी घालणार नाही, असं ती स्वतःला सांगत होती आणि तिला ते पटत नव्हतं. तिनं ठमीला हौदाजवळ उतरवलं.

“बस,” ती म्हणाली.

ठमी बसली. अंकितानं दोरी काढून घेतली आणि मागं न बघता निघाली.

वळणावरच फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं गाडी कडेला घेतली.

“ताई, मी श्रीदेवी. रुद्रप्पांची सून. चिठ्ठीवरचा नंबर त्यांनीच दिला. कुटं गेलात ओ तुमी? मामंजी गेटवर टेम्पो लावून थांबल्यात. पोतंबी अंथरलंय.”

अंकिताला काही उमजेना. ते तर न्हाई म्हणाले, दोन-दोनदा म्हणाले, वर दार दाखवलं, असं ती चिडून बोलली. पलीकडं श्रीदेवी हसायलाच लागली. मामंजींना मराठी कळतं थोडंफार, बोलता येत नाही, घरात-शेतात सगळं कन्नडच, हे तिनं सांगितलं.

“न्हाई न्हवं ओ ताई, नायी. आमच्यात कुत्र्याला नायी म्हणत्यात. बाहीर बांधलंय ते नायी का, आसं इचारत हुते ते.”

अंकितानं फोन तसाच गाडीच्या पुढच्या खणात टाकला आणि गाडी वळवली. समोरून ट्रकमागून ट्रक येत होते. आंधळी कुत्री अन् हा असला रस्ता. दिवसभर सगळ्या सभागृहाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि शेवटी ठमीला टाकून दिलं कुणी? तिची तिलाच शिसारी आली.

ठमी हौदाजवळच होती. गाडीचा आवाज ओळखून तिनं शेपटी जमिनीवर आपटली, पण जागची हलली नाही. अंकितानं मातीत गुडघे टेकले, तिला पोटाशी धरलं आणि ती हमसून हमसून रडली.

खणातून अजून आवाज येत होता. “ताई? ओ ताई? नायी कुटं हाय मग?”

अंकितानं नाक पुसलं आणि फोन कानाला लावला.

“हितंच हाय,” ती म्हणाली. “मी बस म्हनलं हुतं. बसलीया.”