विरजणाची वाटी

"सही मिळणार नाही," म्हणत बकुळाबाईंनी कागद परत सरकवला. "खुर्चीत बसून बडबड करणाऱ्या बाईचं नाव हॉलला? मग लिफ्टला माझ्या मांजराचं द्या."

सोसायटीचा सेक्रेटरी जयवंत कपाळ पुसत राहिला. डिलाईल रोडवरची चाळ पाडून टॉवर झाला होता. तळमजल्याच्या हॉलला राधा परबचं नाव द्यायचं, असं जुन्या बिऱ्हाडांनी ठरवलं होतं. एकाची जरी हरकत निघाली तर नाव नाही, हा ठरावही झाला होता. तो बकुळाबाईंनीच करून घेतला होता. अठ्ठेचाळिसांतल्या सत्तेचाळीस सह्या झाल्या होत्या. पाटी रंगवून तयार होती, उद्या लागायची होती. राधाची मुलगी मनवा समोर बसली होती. राधाला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"तुला वाईट वाटेल गो मनवा. वाटू दे," बकुळाबाई म्हणाल्या. "मला खोटं बोलता येत नाही. ते काम तुझी आई करायची, रेडिओवर."

बकुळाबाईंनी गिरणीतल्या वीस माणसांची खानावळ चालवली होती. शाळा चौथीत सुटली, पण कोणाच्या ताटात किती कालवण गेलं ते रात्री झोपेतही सांगितलं असतं. आणि राधा काय करायची? कडक इस्त्रीची साडी नेसायची, पदराला पिन लावायची आणि रेडिओ स्टेशनात जाऊन गिरजाआत्या व्हायची. कामगारांच्या कार्यक्रमात म्हणे ही गिरजाआत्या लोकांना हसवायची. बकुळाबाईंनी ती एकदाही ऐकली नाही. नेमकं त्याच वेळी नळाला पाणी यायचं. पिंपं भरण्याच्या त्या धबधब्यात देव बोलला असता तरी ऐकू आला नसता. आणि राधा कुठली देव लागून गेली होती?

तिला तर साधं विरजण राखता येत नव्हतं. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला, काठाला पोचा आलेली वाटी घेऊन ती बकुळाबाईंच्या दारात उभी. "बकुळाताई, चमचाभर विरजण द्या ना." पंचवीस वर्षं. रोज बकुळाबाई तिची खरडपट्टी काढत. तिच्यावरून सुरू होऊन तिच्या सासूवर, मग नळावरच्या भांडणावर, मग गिरणीच्या मालकावर जात. राधा उंबऱ्यावर टेकून मुकाट ऐके. निलाजरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी.

"चमचाभर दही जिला मागे ठेवता आलं नाही, तिचं नाव मागे ठेवायला निघालात," बकुळाबाई म्हणाल्या. "ऊठ जयवंता, मला कामं आहेत."

मनवाने पर्समधून मोबाइल काढला. "काकी, एकदा ऐका तरी. जुन्या कॅसेटवरून घेतलंय. मग नाही म्हणा."

मोबाइलमधून आधी नुसती खरखर आली. मग एक बाई कडाडली. कुणा मंदाला झोडपत होती. मंदाची चपाती, मंदाची चाल, मंदाच्या माहेरची माणसं, काही शिल्लक ठेवत नव्हती. मागे माणसं खो खो हसत होती.

बकुळाबाईंनी नाक मुरडलं. "कोण ही भवानी? जिभेला काही हाड? हिच्या शेजारी माणसं राहत तरी कशी होती?"

जयवंताने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

"अगो मंदे," मोबाइल ओरडला, "चमचाभर दही मागे ठेवायला जमत नाही, संसार कसला ठेवतेस?"

बकुळाबाईंचा हात पदराशी थांबला. वाक्य त्यांचं होतं. 'अगो'वरचा तो हेलही त्यांचा होता. पुढे गिरणीचा मालकसुद्धा आला, बकुळाबाईंनी ठेवलेल्या नावासकट.

"हे माझं बोलणं आहे."

"हो काकी. आई तुमच्याकडून आली की आधी वहीत उतरवायची. मग कार्यक्रमाच्या लेखकाला नेऊन द्यायची."

"अख्ख्या चाळीला ठाऊक होतं," जयवंत पुटपुटला. "पण तुम्हाला सांगणार कोण?"

"म्हणजे चोर," बकुळाबाईंचा आवाज चढला. "माझ्या दारात उभी राहून माझीच जीभ चोरली. आता तर मुळीच सही नाही. उचल तुझा कागद."

मनवाने कागद उचलला. घडी घालून पर्समध्ये ठेवला. ती दारापर्यंत गेली. भांडण अर्धवट सोडून कुणाला जाऊ देणं बकुळाबाईंना जन्मात जमलं नव्हतं.

"आणि वर माझं दहीसुद्धा खाल्लंत," त्या मागून म्हणाल्या. "पंचवीस वर्षं."

मनवा वळली.

"नाही काकी. आईला आवाज जपायचा होता, दही वर्ज्य होतं तिला. तुमची वाटी आम्ही खालच्या भैयाच्या मुलांना द्यायचो. आमच्या घरी दही कधी लागलंच नाही."

खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता, त्यालाही बकुळाबाईंनी शिवी घातली नाही. मग त्यांनी कागदासाठी हात पुढे केला. एकेक अक्षर कोरून सही केली आणि पेन आपटलं.

"बावळट कुठली," त्या म्हणाल्या. "तेवढ्यासाठी वाटी कशाला आणायची?"