बोलकं दार

“डॉक्टर, हे नुसतं चित्र नव्हे!” पडद्यावरचं प्रसूतिगृह दाखवताना आर्किटेक्ट खांबेटे रंगात आले होते. काम आपल्यालाच मिळणार, याची त्यांना खात्री होती. “पहिली वीट रचण्याआधी उभी राहिलेली अख्खी इमारत आहे ही. कशावरही क्लिक करा, ती वस्तूच सांगेल आपण कोण, कुणासाठी. खास तुमच्यासाठी, अगदी कोऱ्या कागदावर काढलीय.”

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दारावर क्लिक केलं. दार प्रामाणिक निघालं : ‘सागवानी, दोन झडपा, वधूपक्षाची खोली.’

गेल्या वर्षीच्या मंगल कार्यालयाच्याच आराखड्यात खांबेट्यांनी खाटा मांडल्या होत्या. नावं बदलायची राहिली होती.

“असू दे,” बाई गोड हसल्या. “त्याच मुली आमच्याकडे येतात, जरा उशिरा. आता ऑपरेशन थिएटर बघू.”

खांबेट्यांची मान वर होईना. तिथे बोहलं होतं.