अचानक भेट

हेडसर खुर्चीत टेकतात न टेकतात तोच चहा समोर आला. बिनसाखरेचा. कप ठेवणारा हवालदार त्यांचा जुना विद्यार्थी. सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांचा आवाज कानावर पडला की याचा हात अजून आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जायचा.

"निवांत बघा सर, काय बघायचं ते," ठाण्याचे साहेब म्हणाले. "आपलं सगळं उघडंच आहे."

हेडसर नागरिक देखरेख समितीचे अध्यक्ष. पोलिसांच्या कारभारावर लोकांचीही नजर असावी म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं खेटे घातले, तेव्हा कुठे ही समिती झाली. तिच्या कुठल्याही सदस्याने कधीही, आधी न कळवता ठाण्यात शिरावं आणि कोठडी उघडायला लावावी. कुणी अडवायचं नाही. अधिकार एवढा एकच, पण खणखणीत.

सरांनी चहा संपवला, चष्मा काढून पुसला आणि टेबलावर ठेवून ते उठले. कोठडी रिकामी होती. फरशी नुकतीच पुसलेली, चादर घडी घालून कोपऱ्यात. त्यांनी मागची खोली पाहिली, सामानाची खोली पाहिली, मोरीतसुद्धा डोकावून पाहिलं. ज्याच्यासाठी आले होते तो तरुण रंगारी कुठेच नव्हता.

"तुमच्यासारखा सभ्य माणूस समितीवर आहे हे आमचं नशीब," साहेब त्यांना पायरीपर्यंत सोडायला आले.

ते मात्र खरं होतं. कुणाच्या दारात अवचित जाऊन उभं राहणं सरांच्या रक्तातच नव्हतं. व्याह्यांकडे जायचं असो की दाढ दाखवायला डॉक्टरकडे, "आहात ना जागेवर?" असं विचारल्याशिवाय त्यांच्या पायात चप्पल जात नसे. बायको त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा करायची.

समितीची कचेरी दोन गल्ल्या पलीकडे होती. रंगाऱ्याची आई तिथे बाकावर वाट बघत होती. तिच्या मुलाने ज्या बंगल्याला रंग दिला, तिथे चोरी झाली होती. पोलिसांनी त्याला जीपमध्ये घालून नेलं आणि मग हात वर केले. आमच्याकडे असा कुणी नाहीच, म्हणाले. अटकेची नोंदच नाही, तर सोडवायचं कुणाला?

"नाही हो बाई," सर म्हणाले. "कोपरान्‌कोपरा बघून आलो."

"तुम्ही यायच्या आधी त्याला मागच्या दाराने काढतात. तुमची पाठ वळली की परत आणतात. समोरच्या दुकानात कामाला आहे मी, डोळ्यांनी बघते. काल तुम्ही गेल्यावर त्याला दोघांनी धरून चालवत आणला, सर. त्याचा पाय टेकत नव्हता."

हे ती गेल्या खेपेलाही म्हणाली होती. वर असंही म्हणाली होती, की तुमच्यातलंच कुणीतरी आत खबर देतंय. ते सरांना झोंबलं होतं. समितीतल्या शिंप्याच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. समितीवरच्याच दातांच्या डॉक्टरांचा मेव्हणा पोलिसात होता. म्हणून आज सरांनी कुणालाच पत्ता लागू दिला नव्हता. बायकोलासुद्धा भाजी आणायला जातो म्हणून सांगितलं होतं, आणि हातातली पिशवी अजून रिकामीच होती. एवढं करूनही कोठडी रिकामी, म्हणजे खबरबिबर काही नाही. पोराच्या काळजीने बाईला भास होत असावेत. त्यांना तिची फार कीव आली.

"आज मला हे मिटवावं लागेल," ते शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले. "तक्रारीत तथ्य नाही असं लिहितो. एकदा ते लिहिलं की पुन्हा तपासता येत नाही. दुसरीकडे शोधा त्याला."

बाई बाकावरून हलली नाही.

सरांनी पेन उघडलं आणि खिसा चाचपला. चष्मा नव्हता. साहेबांच्या टेबलावरच राहिला होता. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचं अक्षर दिसत नसे. सवयीने त्यांनी मोबाइल बाहेर काढला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला; आकडे काही लागेनात. वैतागून त्यांनी तो परत खिशात कोंबला.

"आलोच दोन मिनिटांत."

"मी पण येते," बाई म्हणाली. "नाहीतरी दुकानातच जायचंय."

ठाण्याच्या पायरीपाशी मात्र ती दुकानाकडे वळली नाही. सरांच्या मागोमाग आत शिरली. साहेबांची खुर्ची रिकामी होती. टेबलावर उष्टा कप होता आणि त्याच्याशेजारी चष्मा. सरांनी तो डोळ्यांवर चढवला आणि आतल्या बाजूला पाहिलं.

हवालदार पाठमोरा उभा राहून कोठडीला कुलूप घालत होता. आत भिंतीला टेकून एक तरुण बसला होता. त्याच्या पँटवर निळ्या रंगाचे शिंतोडे होते आणि एक पाऊल सुजून टम्म झालं होतं.

"बाळा!" आई किंचाळली आणि धावत जाऊन गजांना बिलगली.

सरांनी टेबलाची कड धरली. ती खरं बोलत होती, पहिल्यापासून खरं बोलत होती, आणि आपण तिला वेड्यात काढून सही करायला बसलो होतो. मान वर करायचीही त्यांना लाज वाटली.

"कुणी?" ते ओरडले. "आम्ही येतोय हे तुम्हाला कोण सांगतं?"

हवालदार गर्रकन वळला. त्याचा हात शर्टाच्या बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"सर," तो चाचरत म्हणाला, "नेहमी तर विचारता, साहेब जागेवर आहेत का म्हणून. आत्ता निघताना फोन नाही केलात?"